दळवीचाचांची म्हातारी खोकते

जुनी गाडी पाळली की किस्से फुकट मिळतात. नव्या गाडीवाल्याला विचारा, "काय, गाडी कशी आहे?" तो म्हणणार, "मस्त." झालं, विषय संपला! आमच्यात हाच प्रश्न विचारला की चहाचे दोन राउंड होतात आणि तिसरा मागवावा लागतो.

आमच्यात म्हणजे चौघांत. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये अबू राशिदचं गोडाऊन आहे, तिथे आम्ही रविवारी सकाळी जमतो. अबू राशिद इथलाच, अमिराती, आणि माझ्यापेक्षा बरं हिंदी बोलणारा. दळवीचाचा रत्नागिरीचे, सगळं आयुष्य स्पेअर पार्ट्सच्या धंद्यात गेलेलं. कुलकर्णी एसी डिझाइन करणारा इंजिनिअर. आणि मी, अल बर्शाहून बायकोची बोलणी खाऊन पोचणारा.

मधोमध उभी म्हातारी. चाचांची जुनी पांढरी गाडी. चाचा कायमचे गावी निघाले होते, म्हणून ती त्यांनी माझ्या हवाली केली. मागणं एकच होतं. "जायच्या आधी एकदा हिला घेऊन रास अल खैमाला जायचंय. माझी पहिली नोकरी तिथल्या सिरॅमिकच्या फॅक्टरीत. सलाम करून येतो, मग खलास."

पण म्हातारी काळाकुट्ट धूर ओकत होती. गाड्यांच्या सरकारी टेस्टमध्ये नापास, म्हणून रस्त्यावर आणायची बंदी. आणि चाचांचं तिकीट काढून झालेलं!

* * *

कुलकर्णीने वास घेतला, काळे पडलेले प्लग बघितले आणि निदान केलं. "रिच चालतेय. पेट्रोल जास्त, हवा कमी."

घरी येऊन मी बायकोला, केतकीला, तेच सांगितलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "इतकी वर्षं दुबईत काढून आपल्या ओळखीत कोणीतरी रिच झालं!"

* * *

कुलकर्णीने कार्ब्युरेटर उघडला. आम्हाला ताकीद दिली, "कोणी कशाला हात लावायचा नाही." जेट, फ्लोट, चोक, सगळे भाग ट्रेमध्ये ओळीने मांडले. अबू राशिद कमरेवर हात ठेवून बघत होता.

"ये पूरा वापस जायेगा?"

"इन्शाल्ला," कुलकर्णी म्हणाला.

अबू राशिदचा चेहराच उतरला. "नहीं हबीबी, इन्शाल्ला मैं बोलेगा. तुम इंजिनिअर है, तुम यस बोलो या नो बोलो!"

* * *

सगळं बसलं. गोडाऊनमध्ये गाडी अशी चालली, की बॉनेटवर चहाचा कप ठेवला तरी सांडू नये. आम्ही टाळ्या वाजवल्या. झाकणंबिकणं लावून, रिकव्हरीच्या ट्रकवर चढवून तिला टेस्टला नेलं आणि तिथे स्टार्ट केली. भस्सकन काळा ढग! तपासणारा माणूस बिचारा मागे सरकत सरकत भिंतीला टेकला.

पुढच्या वेळी पुन्हा तेच. गोडाऊनमध्ये गुणी, टेस्टला गेली की धूर.

"पाहुणे आले की पोरं बघ कशी अंगात आल्यासारखी करतात," चाचा म्हणाले, "तशी आहे ही."

त्या दिवशी माझी मुलगी इरा बरोबर होती. ती म्हणाली, "बाबा, शी इज कफिंग. गिव्ह हर सम स्टीम!"

"स्टीमच तेवढी राहिलीय," चाचा गंभीरपणे म्हणाले.

* * *

हसायचो, पण मला आतून फार वाईट वाटत होतं. मी दुबईत आलो तेव्हा ओळखीचं कुत्रं नव्हतं. फ्लॅट शोधायला याच गाडीतून चाचांनी फिरवलं. केतकीला कळा सुरू झाल्या तेव्हा याच गाडीतून हॉस्पिटलात नेलं आणि इराही याच गाडीतून घरी आली. मी आभार मानायला गेलो तर म्हणाले, "आभार राहू दे. पायपुसणीवर पाय पूस आधी, धूळ आणतोस!"

धूळ हा चाचांचा जन्माचा वैरी. "वाळवंटात इंजिन मरतं ते धुळीने," हे वाक्य त्यांनी आम्हा प्रत्येकाला बाजूला घेऊन ऐकवलं होतं. गाडी सोपवताना तर माझा हात हातात धरून म्हणाले, "बाकी काही कर, हिच्या नाकात धूळ जाऊ देऊ नको."

* * *

चाचांच्या फ्लाइटच्या आधीचा शेवटचा रविवार. कुलकर्णीने कार्ब्युरेटर पुन्हा जुळवला. तेवढ्यात केतकी पोह्यांचा डबा घेऊन आली. हातातली कामं तिथेच टाकून सगळे पोह्यांवर तुटून पडले. खाऊन झाल्यावर चाचा हात पुसत गाडीत बसले. "यल्ला, चला, कंपाउंडमध्ये एक चक्कर मारतो. रास अल खैमा नाही तर नाही."

म्हातारी निघाली. कोपऱ्यावरून वळली. चढावर गेली. धूर नाही! चाचा हॉर्न वाजवत परत आले. आम्ही एकमेकांकडे बघतोय, तर केतकी म्हणाली, "अहो, माझा डबा एक होता. इथे टेबलावर दोन कसे?"

एक पोह्यांचा. दुसरा गोल, काळा, कार्ब्युरेटरवर बसणारा एअर फिल्टरचा. तो लावायचाच राहिला होता! मग डोक्यात प्रकाश पडला, की गोडाऊनमध्ये आम्ही नेहमी हा डबा काढूनच गाडी चालवून बघायचो.

कुलकर्णीने डबा उघडला. फिल्टरवर लुंगीचा एक पातळ तुकडा होता.

"तो माझा," चाचा म्हणाले. "पहिल्यापासून आहे."

त्याच्यावर एसीचा फोम. कुलकर्णीने चष्मा पुसायला घेतला. त्याच्यावर लाल-पांढऱ्या चौकड्यांची गुत्रा, डोक्याला बांधायचं कापड. अबू राशिद छताकडे बघू लागला. आणि सगळ्यात वर पांढरी मलमल.

"म्हणजे पाडव्याला चक्का बांधायचं फडकं मिळत नव्हतं," केतकी म्हणाली, "ते हे!"

कुलकर्णीच्या ताकिदीच्या भीतीने कोणी कोणाला बोललं नव्हतं, खुद्द कुलकर्णीही नाही. अबू राशिदने एकेक कापड उचलून बघितलं. "सबने प्यार दिया," तो म्हणाला, "हवा किसी ने नहीं दिया!"

* * *

नुसत्या फिल्टरवर म्हातारी पास झाली. रास अल खैमाला चाचांनी स्वतः चालवत नेली. वाटेत कोणाला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. फॅक्टरीच्या गेटवर थांबून हॉर्न दिला. वॉचमन धावत आला, "किससे मिलना है?"

"किसी से नहीं," चाचा म्हणाले. "बस, हम दोनों को सलाम करना था."

परतताना मागच्या सीटवर अबू राशिद डोळे पुसत होता आणि म्हणत होता, "धूळ है."

* * *

आता चाचा रत्नागिरीला असतात. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल करतात. मी कसा आहे, केतकी कशी आहे, काही विचारत नाहीत. "फोन मागे ने," म्हणतात. मी सायलेन्सरजवळ फोन धरतो. ते बघतात, ऐकतात, मान डोलावतात.

परवा म्हणाले, "आता माझी बघ." मुलाने त्यांना नवीकोरी स्कूटर घेऊन दिली आहे. त्यांनी कॅमेरा फिरवला. अंगणात स्कूटर उभी होती, आजूबाजूला हिरवंगार, नुकताच पाऊस पडून गेलेला, सगळीकडे चिखल.

आणि स्कूटरच्या हवेच्या तोंडावर घट्ट बांधलेली, लाल-पांढऱ्या चौकड्यांची गुत्रा.