ठरलेल्या सौद्यात बँड नव्हता

आधीच सांगतो – मी असलं काही मानणारा माणूस नाही. सायकलवरून केळी विकत टेम्पोपर्यंत आलोय. जे डोळ्यांना दिसतं आणि हातात येतं तेच खरं, एवढीच माझी अक्कल. तरी लिहितोय, कारण गावात मला लबाड ठरवलंय आणि ते मला सहन होत नाही.

आमचं गाव वसईत, अर्नाळ्याच्या रस्त्यापासून आत. वाड्यांच्या मधोमध छोटं चर्च. गेल्या वर्षी पॅरिशच्या कमिटीने ‘जुन्या लग्नांचा रविवार’ ठेवला. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यावर जुनी जोडपी मोठ्या दारातून बँडवर वेदीपर्यंत चालणार... आधी सगळ्यात जुनी लग्नं, मग त्यानंतरची.

माझ्या आयला त्यात बोलावलंच नाही. कमिटीचे प्रमुख मारकूदादा. त्यांना जाऊन विचारलं.

"जोडप्यांचा कार्यक्रम आहे रे. तुझे पप्पा गेले. आयला पुढच्या बाकावर बसव, मान दिला म्हणजे झालं."

डोकं फिरलं माझं. पप्पा गावच्या बँडचे ट्रम्पेटवाले. रांगेतल्या निम्म्या जोडप्यांना त्यांनीच वाजवत वेदीपर्यंत नेलेलं – या मारकूदादालासुद्धा.

"तुमच्या लग्नात वाजवून त्यांचा ओठ फुटला होता. आठवतं?"

"आठवतं. पन नियम तो नियम."

घरी येऊन आयला म्हटलं, आपण जायचंच नाही. ती लाल लुगड्याच्या घड्या मोडत होती.

"जायचं," ती म्हणाली. "आमच्या लग्नात बँड नव्हता. वाजवनाराच नवरा होऊन बसला, मग वाजवनार कोन? मयताला जावं तशी मुकाट चालत गेले. एकदा तरी बँडवर चालू दे मला."

मग मी पुन्हा मारकूदादाच्या ओट्यावर. खूप घासाघीस केली. शेवटी ते एवढ्यावर आले – आयने सगळ्यांच्या शेवटी चालावं, पण बँड थांबल्यावर. बँड जोडप्यांचा. मी हो म्हटलं. आयुष्यातला सगळ्यात वाईट सौदा.

रविवारी जोडपी चालली, टाळ्या झाल्या, बँड थांबला. वाजवणारे चहाला बाहेर गेले. मग आय दारात उभी राहिली. मी हात पुढे केला, तर म्हणाली, "बाजूला हो."

एकटी निघाली. पंख्यांचा आवाज आणि तिच्या चपलांचा, बाकी काही नाही. ती अर्ध्यात पोचली आणि मागून, दाराकडून, ट्रम्पेट सुरू झालं... स्पष्ट, खणखणीत. मला वाटलं, बँडवाल्याला दया आली. आयने मागे वळून पाहिलं नाही. फक्त पावलं तालावर आणली.

पुढच्या बाकावरून मारकूदादा ताडकन उठले. "काय ठरलं होतं आपलं?" – वेदीसमोर, सगळ्यांदेखत.

मी धावत बाहेर गेलो. दारात कोणी नव्हतं. चिंचेखाली ट्रम्पेटवाला, गोखिवऱ्याचा माणूस, हातात वडा घेऊन उभा. त्याचं ट्रम्पेट पेटीत, पेटी बँडच्या टेम्पोत. आवाज अजून येत होता. उलट तोच मला विचारतो, "शेठ, आत कोण वाजवतंय? ट्रम्पेट तर माझ्या एकट्याकडेच आहे."

मारकूदादा गावभर सांगतात की मी मोबाइल स्पीकरला जोडला. तिथल्या तिथे मोबाइल फादरांच्या हातात दिला होता मी. स्पीकर तर फादरांनी स्वतः आधीच बंद केलेले. ठरलेला शब्द मी मोडत नाही, बाजारात कोणालाही विचारा. मारकूदादाला माझी माफी हवीय. मिळणार नाही.

चर्चचा माळा पाहिला, मागची खोली पाहिली, शेजारच्या वाडीतही विचारलं... काही हाती लागलं नाही. फादर म्हणतात, प्रार्थना कर. मला उत्तर हवं होतं, ते आजही नाही.

आयला मात्र नवल वाटलं नाही. घरी येताना ती गाडीत नाक फुगवून बसली होती. म्हटलं, काय झालं?

"काय व्हनार? गावभर सगळ्यांच्या लग्नात वेळेवर. माझ्या टायमाला अर्धी वाट संपल्यावर सुरू केलंन."