मुंबई ते चेन्नई, किती मुक्काम?

किस्से काही गोळा करावे लागत नाहीत. बैलाला गोचीड चिकटावी तसे ते आपणच चिकटतात. आमच्या तांड्यातल्या तिघी म्हाताऱ्या, मी, गंगूबाई आणि माझी धाकटी जाऊ शेवंता, आयुष्यात एकदाच विमानात बसलो, तर पोतंभर झाले!

निमित्त शेवंताच्या लेकीचं. कमल लग्न होऊन चेन्नईला गेली, त्याला सात वर्षं झाली. पोरगी फोनवर रडायची, "आई, एकदा तरी ये ना!" शेवंताचं एकच उत्तर, "लई लांब हाय गं बाई!" आता कमल बाळंत झाली, आणि मुंबईतल्या माझ्या पोरानं कुणाला न विचारता मुंबई-चेन्नईची तीन तिकिटं काढली.

*

आमचे वाडवडील बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरले. म्हणून आमच्यात जुनी माणसं अजून वाट मुक्कामात मोजतात. शेवंतानं तांड्याच्या म्हाताऱ्या नायकाला विचारलं, "मुंबईहून चेन्नई किती मुक्काम?"

मी म्हणाले, "सडकेनं तेराशे किलोमीटर."

नायकानं बोटं मोजली. "दोन महिने. ते बी बैल धडधाकट असले तर!"

शेवंता एकदम खूश. "बघा! मी म्हणत नव्हते?"

*

मुंबईत पोरानं सांगितलं, "काकी, विमानानं दोन तास."

शेवंता भडकली. "हिंगोलीहून इथवर यायला चौदा तास लागले, अन् ह्या समुद्राहून त्या समुद्राला दोन? म्हातारीची मस्करी करून राहिला व्हय रे?"

खरं सांगते, मीही हादरले. शाळा न पाहता वाचायला शिकलेली बाई मी, नकाशा मला कळतो. दोनदा बोट फिरवलं. अख्खा देश आडवा, आणि दोन तास!

*

विमानतळावर गंगूबाईचं गाठोडं मशीनमधून गेलं आणि अडकलं.

"माताजी, इसमें क्या है?"

"चाळीस धपाटे."

"दो घंटे के लिए?"

गंगूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वर मधीच बंद पडलं, तर मिस्त्री यायला टाइम लागंल का न्हाई?"

आमच्या मागचा सुटाबुटातला माणूस पांढरा पडला!

*

विमान वर गेल्यावर गंगूबाईनं खिडकीतून पाहिलं अन् किंचाळलीच. "अगं, खाली वाटच दिसत न्हाई! हा डायवर कशाच्या आधारानं चालवून राहिला?"

मी दटावलं, "गप बस, न्हाईतर उतरवून देतील!"

"कुठं?"

बोलण्यात मी हरले, ते तेवढं एकदाच!

शेवंता मात्र दोन्ही हातांनी पट्टा धरून बसलेली. मला वाटलं, भ्याली.

*

पावणेदोन तासांत विमान टेकलं. माणसं उठली, सामान काढलं, निघाली. शेवंता पट्टा सोडेना.

"ऊठ गं, चेन्नई आलं."

"न्हाई आलं."

"अगं, ती बघ पाटी. मी वाचून दाखवते!"

"एवढ्यात कसं येईल?"

सगळं विमान रिकामं झालं. हवाईसुंदरी आली. "माताजी, पहुँच गये. कोई तकलीफ है?"

शेवंतानं त्या पोरीचा हात घट्ट धरला.

"बाई, हे आनखी थोडं फिरवून आण गं. लेक भाहेर उभी हाय. आई, किती वेळ लागला, म्हणून इचारंल. दोन तास, असं कोन्या तोंडानं सांगू?"