कोणापेक्षा आजारी?

साताऱ्याच्या कचेरीसमोर इंग्रजी अर्ज लिहिणारा तो गृहस्थ अर्धशिक्षित होता, असे जे आज सांगतात त्यांनी त्याला पाहिलेलेही नाही. लढाईच्या काळात मी रोज त्याच्या शेजारच्या बाकावर बसत असे. टाक झटकून तो प्रत्येकाला विचारी, "कोणापेक्षा?" त्याचे म्हणणे असे, "नुसता गरीब साहेबाला दिसत नाही. 'पूअरर' लिहावे, पुढे 'दॅन' जोडावे आणि शेजाऱ्याचे नाव घालावे." अशा रीतीने दोन सख्खे भाऊ एकमेकांपेक्षा गरीब ठरले, आणि साहेबाने दोन्ही अर्ज मंजूर केले.

एकदा रहिमतपूरचा एक शेतकरी आला. बायको अंथरुणाला खिळलेली. पलटणीतल्या मुलाला रजा हवी होती.

"शेजारणीपेक्षा जास्त आजारी, असं लिहू?"

"आवं, ती बी खाटंवरच हाय. तिचा बी पोरगा लढाईवर हाय. तिला बरी कशी म्हणू?"

तो शेतकऱ्यावर खेकसला, ही लोकांची थाप आहे. त्याने निमूटपणे कागद फाडला आणि नव्या कागदावर लिहिले: दोन आया आजारी आहेत, दोन्ही मुलांना पाठवा.

एका अर्जात दोन अर्जदार, म्हणून कचेरीतले कारकून पुढे कित्येक वर्षे हसत. दोन्ही मुले आयांच्या हयातीत घरी पोहोचली, एवढे मात्र त्यांच्यापैकी कोणीच सांगत नाही.