मॅक्रोलाइडची वाघूर

भोरला फार्मसी शिकवायला लागल्यापासून माझ्या वहीत नोट्स कमी आणि किस्सेच जास्त झालेत. त्यात मॅक्रोलाइडचा, म्हणजे मोठ्या रिंगवाल्या अँटिबायोटिक्सचा धडा आला की विचारूच नका!

*

सुमन मार्गासनीच्या वरच्या धनगरवाड्यातली. मागच्या वर्षी याच धड्यावर तोंडी परीक्षेत नापास झाली. यंदाही तेच झालं तर कॉलेज बंद, असं घरी ठरलेलं.

मी फळ्यावर एरिथ्रोमायसिनची चौदा अणूंची मोठ्ठी रिंग काढली. सुमन ओरडली, "मॅडम, ही तर वाघूर! आमी मेंढरं कोंडाया जाळी लावतो, तश्शी!"

मग ॲझिथ्रोमायसिन. रिंगमध्ये एक नायट्रोजन घुसून पंधरा झालेले.

"मेंढरांत शेरडू शिरलं!"

पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला. मी तर जाम खूश!

*

भोंगवलीच्या गणेशने पेपरात स्ट्रेप्टोमायसिनलाही मॅक्रोलाइड करून टाकलं. का? तर शेवटी 'मायसिन' आहे!

सुमन म्हणाली, "आडनाव एक म्हणून भावकी व्हती व्हय? आदी रिंग बघ की!"

*

हाच गणेश कापूरहोळच्या मेडिकलमध्ये ट्रेनिंगला होता. एक मामा शिंकत आले, "त्या तीन गोळ्या दे रं, ॲझिथ्रोच्या."

चिठ्ठी नव्हती. गणेशने कागदावर रिंग काढून अर्धा तास समजावलं, सर्दीला ही चालत नाही म्हणून.

मामा म्हणाले, "सर्दी ऱ्हाऊ दे! आता डोकं दुकाया लागलंय, त्याची गोळी दे!"

*

आणि सुमनची तोंडी परीक्षा! बाहेरून आलेले सर भलतेच कडक. मी शेजारीच बसलेले.

"सोळा अणूंच्या रिंगचं एक औषध सांगा. जनावरांचं."

"टिल्मिकोसिन," सुमन म्हणाली आणि ताडकन उठली. "सर, मोबाईल द्या! सकाळी आबा म्हनत व्हते, शेजाऱ्याकडं मेंढीचं उरलेलं विंजेक्शन हाय, खोकणाऱ्या शेळीला टोचतो म्हणून. नाव बी ह्येच सांगितलं व्हतं! मेंढीला चालतं, शेळी मरती!"

सरांनी आपलाच मोबाईल पुढे केला.

"आबा, सुई टोचू नगा! फेका ती! डॉक्टरास्नी बोलवा!"

आबांच्या आवाजाला स्पीकरची गरज नव्हती. "भरलीया सुई. शेळीच घावंना! बरं, फेकतो. पर तू कुठं हाईस?"

"परीक्षेत."

"आगं मग फोन ठिव की! नापास करत्याल तुला!"