पाटीच्या कोपऱ्यातला लाल डाग

जुन्या एनॅमलच्या पाट्या मी साफ करतो म्हटलं की सदाशिव पेठेतले शेजारी विचारतात, "पेन्शन पुरत नाही का?" पुरते हो! पण कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत जन्म गेलेल्या माणसाचे हात गप्प बसत नाहीत. लोखंडी पत्र्यावर काच वितळवून बसवलेली ही अक्षरं. वरची धूळ, गंज काढला की खालून काय निघतं, हे बघायची मला भारी उत्सुकता.

गेल्या महिन्यात कात्रजहून एक बाई आल्या. त्यांच्या पाटीवर निळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत 'पिठाची गिरणी'. गिरणी त्यांच्या आईची. आई गेली, गिरणी पाडली, एवढी पाटी उरली.

"काका, जरा बेतानं हां. त्या कोपऱ्यात हाय ना..."

मी पुढं बोलूच दिलं नाही. "अहो, आपण काळजी सोडा. मला हे नवीन नाही." माणसाला मध्येच तोडायची माझी जुनी खोड आहे.

कोपऱ्यात एनॅमलचा टवका उडाला होता आणि त्यावर तांबडा, जाडसर थर. गंजच, दुसरं काय! लिंबू चोळलं, तर तो चक्क पिवळाधमक झाला. अरेच्चा! गंज असा हळदीसारखा होतो? नाकाशी नेलं, तर तेलाचा वास. मग डोक्यात प्रकाश पडला. कुंकू! हळद आणि चुन्याचं, जुन्या पद्धतीचं. आंबट लागलं की त्याची परत हळद होते. दसऱ्याला गिरणीची पूजा करताना आई पाटीलाही कुंकवाचं बोट लावत असणार, दर वर्षी त्याच जागी. भिंग घेतलं. काठाला बोटाच्या बारीक रेषा अजून दिसत होत्या. मधल्या मी पुसल्या होत्या. शिंची माझी घाई!

पिवळ्याला चुना लागला की लाल परत येतो, हे मला ठाऊक होतं. बायकोच्या पानाच्या डब्यातला चुना घेऊन अंगठा दाबला. आला की लाल! काठाच्या रेषाही त्याखाली गेल्या, पण डाग पहिल्यासारखा दिसू लागला. कुणाला कळतंय, असं म्हणून मी गप्प राहायचं ठरवलं. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती.

बाई पाटी न्यायला आल्या आणि हरखून गेल्या. "आईनं बघायला पाहिजे हुतं हे!" म्हणत त्यांनी उजव्या हाताचं बोट सहज त्या डागावर ठेवलं. बोटाच्या दोन्ही बाजूंना लाल उरलं. त्यांनी बोट उचलून पुन्हा ठेवलं.

"माझं अन् आईचं बोट एकसारखं," त्या म्हणाल्या. "बरोब्बर बसायचं इथं."

मला राहवेना. "तो माझा अंगठा आहे. आईचं बोट मी पुसलं. मला गंज वाटला."

त्यांनी पदरानं पाटी पुसायला घेतली, पण कोपरा तेवढा सोडला.

"त्या दिवशी तेच सांगत हुते काका," त्या म्हणाल्या.