गोऱ्या मुलीला काळा रंग

मूर्खपणा फुकटात बघायला मिळत असेल तर मी पहिल्या रांगेत जाऊन बसते. उज्जैनच्या फ्रीगंजातल्या आमच्या शाळेत मी तिसरीला शिकवते आणि लायब्ररीचा तासही घेते, म्हणून शाळेच्या समितीच्या सभांना मला बोलावतात. असला तमाशा चुकवणं पाप आहे.

वाचनदिनाला मुलांना कुठली पुस्तकं सुचवायची, ते मी ठरवायचं होतं. अमेरिकेतल्या काळ्या लेखक-लेखिकांनी लहान मुलांसाठी लिहिलेली चित्रांची पुस्तकं मी टेबलावर मांडली. काही हिंदीत आलेली, काही इंग्रजी. ताटात अनोळखी भाजी पडावी तशी समिती त्यांच्याकडे बघत बसली.

सचिव आपलेच, मराठी, बँकेतून निवृत्त. ते कळवळून म्हणाले, "उपक्रम छान आहे, बाई. सोबत जुने कपडे गोळा करू. त्या बिचाऱ्या मुलांसाठी."

"कुठल्या बिचाऱ्या?"

"हीच की. पुस्तकातली."

मी पान उघडून दाखवलं. पुस्तकातल्या मुलीची आई डॉक्टर, वडील आर्किटेक्ट, घरात पियानो. सचिवांच्या फ्लॅटमध्ये तो पियानो शिरवायचा तर सोफा जिन्यात काढावा लागला असता.

"हिचेच जुने कपडे आपल्या मुलांना मिळतात का, विचारून बघू," मी म्हणाले.

कोणी हसलं नाही. दान करायला निघालेल्या माणसाला समोर भिकारी नाही असं कळलं की फार वाईट वाटतं.

तेच पुस्तक वाचनदिनाला एका मुलीने, पुस्तकातल्या मुलीच्या वेषात, स्टेजवर वाचायचं ठरलं. माझ्या वर्गात भैरवगढहून येणारी एक सावळी मुलगी आहे. सावळी हा आपला लाडीगोडीचा शब्द. चांगली काळी आहे. ते पुस्तक ती छातीशी धरून हिंडायची, पानन् पान तिला पाठ होतं. गॅदरिंगमध्ये दरवर्षी तिला झाड करतात, नाहीतर राक्षसीण. मला वाटलं, या वेळी तरी चूक होणं अशक्य आहे.

आमच्या समितीला अशक्य असं काही नसतं. त्यांनी चौथीतली गोरीपान, घाऱ्या डोळ्यांची मुलगी निवडली. का, तर स्टेजवर उठून दिसते.

"आणि रंगाचं काय?" मी विचारलं.

"मेकअपवाला आहे ना! तोंडाला काळा रंग लावेल. एकदम ओरिजिनल वाटेल."

मला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. इतका निर्भेळ गाढवपणा रोज कुठे मिळतो?

दुसऱ्या दिवशी मात्र माझ्या वर्गातली ती सावळी मुलगी टेबलाशी आली. "मॅडम, मेरे को तो रंग लगाना ही नहीं पड़ेगा. फिर मैं क्यों नहीं?"

माझी करमणूक तिथेच संपली. तिला नायिका वगैरे व्हायचं नव्हतं. आपलं पुस्तक आपण वाचायचं होतं, बस.

पुढच्या सभेत सचिवांशी बोलताना मी आवाजात साखर घातली. "साहेब, तुमच्या आयुष्यावर एक नाटुकलं बसवावं म्हणते. तुमच्या भूमिकेसाठी एखादा गोरा मुलगा शोधते. त्याला रंग किती लावायचा, तेवढं सांगा."

सचिव रंगाने पिकल्या जांभळासारखे. हे अख्ख्या उज्जैनला माहीत आहे, एक त्यांना सोडून. बाकीचे समोरचे कागद चाळू लागले. समितीवरच असलेली त्यांची बायको मात्र खो खो हसत सुटली.

"अगं, लग्नात यांच्या आत्याने यांना एवढी पावडर थापली होती! अल्बममध्ये तोंड एकाचं, मान दुसऱ्याची!"

"पुरे आता," सचिव गुरगुरले. "वाचू दे तुमच्या त्या मुलीला. पण भरभर वाच म्हणावं."

वाचनदिनाला ती माइकसमोर उभी राहिली, रोजच्या चेहऱ्याने. दोनच पानं झाली असतील, तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक आई शेजारणीच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं कुजबुजली, "नैन-नक्श तो अच्छे हैं, बस ज़रा..." नाकीडोळी नीट, राहिला तो रंग. दोघी खुदखुदल्या.

मुलगी थांबली. पुस्तकात बोट घालून त्यांच्याकडे बघत राहिली. त्या बायका आधी हसल्या, मग पदर सावरू लागल्या, मग गप्प झाल्या.

"आवाज़ आ रही थी," ती माइकमध्ये म्हणाली. "मैं शुरू से पढ़ती हूँ."

आणि तिने पहिल्या पानापासून, लेखिकेच्या नावासकट, पुन्हा सुरुवात केली.