मतपेटीतल्या विड्या

आमच्या घरी राजकारण वडिलांचं आणि मत आईचं, अशी वाटणी होती. वडील कापडगिरणीत कामाला. पाळी संपली की पक्षाचं काम. कोणत्या वॉर्डात कोण उभा राहणार आणि कोण कोणाला पाडणार, हे त्यांना सीताबर्डीच्या टपरीवर चहा पिताना कळायचं, आणि मग ते आम्हाला जेवताना ऐकावं लागायचं. आई मान खाली घालून विड्या वळत राहायची. पण मतदानाच्या दिवशी घर तिचं असायचं. एरवी दसऱ्याला दीक्षाभूमीवर जातानाच पेटीतून निघणारं पांढरं लुगडं ती त्या सकाळी नेसायची, आणि मत देऊन येईपर्यंत चूल पेटवायची नाही. पक्षाचा एवढा मोठा कार्यकर्ता, पण त्या दिवशी त्याला घरात चहा मिळत नसे. मत कोणाला दिलं हे तर तिनं कधीच सांगितलं नाही.

उत्तर नागपुरात, जरीपटक्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची वस्ती होती. बहुतेक बायका घरीच विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची कापलेली पानं. पान हातात आलं की बोटं आपोआप चालायची. पान वळायचं, दोरा बांधायचा, नखानं तोंड मुडपायचं. गप्पा, भांडणं, पोरांना दटावणं सगळं चालू असायचं आणि डोळे सुपाकडे नसायचेच.

मी सातवी-आठवीत असताना महापालिकेची निवडणूक झाली. आपल्या उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून वडील मतमोजणीला बसले होते. संध्याकाळी घरी आले ते हसतच.

"तुमच्या बायकाइनं त कमाल केली," ते आईला म्हणाले. "मतपेटीत विड्या टाकल्या."

झालं होतं असं, की आमच्या केंद्राची पेटी उघडली तेव्हा त्यातल्या कितीतरी मतपत्रिका घट्ट वळलेल्या निघाल्या. काहींची तर तोंडंही नीट मुडपलेली होती. शिक्का मारल्यावर कागद दुमडायचा कसा, हे केंद्रावरच्या साहेबांनी दाखवलं असणार. पण परक्या पुरुषांच्या त्या खोलीत डोक्यावरचा पदर सावरत उभ्या राहिलेल्या बायकांनी पाहिलं असेल तर ना. कागद हातात आला आणि बोटांनी रोजचं काम केलं. शिक्क्याची ओली शाई या चिन्हावरून त्या चिन्हावर पसरली, आणि मत कोणाला दिलंय ते कळेना, म्हणून त्या साऱ्या पत्रिका बाजूला ठेवल्या गेल्या.

आम्ही भावंडं पोट धरून हसलो. आई हसली नाही.

"बाजूले ठेवल्या म्हंजे?"

"बाद झाल्या."

"मोजल्याच नाही?"

"नाही."

"मंग मी गेली कायले होती?" आई म्हणाली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "माह्यं होतं का जी त्यात?"

"कसं कळन वं? चिठ्ठीवर नाव थोडंच असते."

हेच तिच्या जिव्हारी लागलं. आपलं मत मोजलं गेलं की कचऱ्यात गेलं, हे तिला कोणीही, कधीही सांगू शकणार नव्हतं. आपण कागद वळला होता की नाही, हे तिचं तिलाही आठवेना. हातांनी केलेलं कुठे लक्षात राहतं? पुढे कितीतरी दिवस ती विडी वळता वळता मध्येच थांबायची आणि आपल्याच बोटांकडे बघायची. वडील म्हणायचे, सोड आता. ती सोडणारी नव्हती.

पुढची निवडणूक यायला वर्षं गेली. तोवर मी कॉलेजात जायला लागले होते. निवडणूक लागल्याचं कळलं त्याच दिवशी तिनं वडिलांना समोर बसवून घडी शिकून घेतली. आधी उभी, मग आडवी. उभ्या घडीत शाई उतरली तरी त्याच उमेदवाराच्या रांगेत उतरते. मग रोज दुपारी विहाराच्या ओट्यावर वस्तीतल्या बायकांची शाळा भरू लागली. जुन्या वर्तमानपत्रांच्या पट्ट्या मी कापायचे आणि त्यांवर चिन्हं काढायचे. ती आईनंच ठरवून दिली होती: किसणी, उलथणं, गाळणी आणि चिमटा. शिक्का म्हणून सोड्याच्या बाटलीचं झाकण, शाई म्हणून कपड्यांची नीळ.

बोटं ऐकत नव्हती. पट्टी हातात आली की वळलीच. "विडी नोको समजू वं," आई पुन्हा पुन्हा सांगायची, "लुगडं समज. लुगड्याची घडी घाल." शेजारच्या म्हातारीची तऱ्हा आणखी वेगळी. ती चारही चिन्हांवर शिक्के मारायची. एकालाच दिलं तर बाकीच्याइले वाईट वाटन, म्हणायची. तिला एकावर आणता आणता आईचा घसा बसला. किसणी निवडून यावी की उलथणं, यावरून दोघीतिघींचा अबोलाही झाला.

ही शाळा सट्टेदाराच्या कानावर गेली. आम्हाला पान-तंबाखू देणारा आणि तयार विड्या मोजून घेणारा तो माणूस. वस्तीच्या पोटाची दोरी त्याच्या हातात. एका उमेदवारामागे तोही होता. ओट्याशी सायकल टेकवून म्हणाला, "शिकवूनच राहिल्या त आमच्या चिन्हावर शिकवा ना बाई. बायकांचा हात बसन."

आई म्हणाली, "घडी कशी घालाची, तेवढं सांगून राहिली मी. शिक्का कुठं माराचा ते जिचं तिनं पाहावं."

त्यानंतर तिच्या विड्यांमधून त्यानं खराब म्हणून, पैसे न देता बाजूला काढलेल्यांचा ढीग रोज वाढत गेला. वडील वैतागले. आणि वैतागाच्या भरात त्यांनी मनातलं बोलून टाकलं: त्याचं चिन्ह नको तर नको, पण निदान घरच्या माणसाच्या पक्षाचं तरी घे.

"विडी बाद झाली त उद्या दुसरी वळता येते जी," आई म्हणाली. "मत बाद झालं त पाच वर्षं बसा."

तिनं चिन्ह बदललं नाही. रोजचं पोट अडत होतं आणि तरी किसणी, उलथणं, गाळणी आणि चिमटाच चालू राहिले. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हक्क एका धड्यात आणि कर्तव्यं दुसऱ्या धड्यात असतात. पुढे शिक्षिका झाल्यावर मी ते धडे वर्गात शिकवलेही. पण शिकवताना दर वेळी डोळ्यांसमोर तो ओटा यायचा, आणि इतका अभिमान वाटायचा की आवाज कापायचा. पोरांना वाटे, बाईंना सर्दी झाली.

मतदानाच्या सकाळी आमच्या चुली थंड होत्या. पांढऱ्या लुगड्यातली आई पुढे आणि मागे वस्तीतल्या बायका. रांगेत उभ्या उभ्या जी ती पदराच्या टोकाची घडी घालून बघत होती. आधी उभी, मग आडवी.

मोजणीच्या दिवशी वडील परतले ते तोंड पाडून. हातपाय धुऊन जेवायला बसले. आईनं भात वाढला आणि वाट बघत समोर बसली.

"तुमच्या पेटीत एकही मत बाद नाही," ते शेवटी म्हणाले. "साऱ्या घड्या सरळ. साहेबानं दोनदा पाहिलं."

आईनं डोळे मिटून घेतले. या वेळी तिला कोणाला काही विचारावं लागणार नव्हतं. तिचं मत त्या मोजलेल्या मतांत होतं.

"आमचा माणूस मात्र त्याच पेटीनं पाडला," वडील म्हणाले. मग घास तसाच हातात धरून त्यांनी आजवर मिळालं नव्हतं त्या उत्तराची पुन्हा मागणी केली. "आता त सांग. तू कोणाले देलं?"

आईनं त्यांच्या भातावर वरण वाढलं.

"किसणीले," ती म्हणाली.